अलफ झालेली मोटारसायकल

घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून मागच्या पायांवर ताठ उभा राहिला, की हिंदी-उर्दूत म्हणतात, घोडा ‘अलफ’ झाला. अलिफ हे उर्दू लिपीतलं पहिलं अक्षर म्हणजे एक उभी रेघ. घोडा त्या रेघेसारखा उभा, म्हणून अलफ. मोटारसायकलचं पुढचं चाक उचलून एकाच चाकावर जाण्याला आज जगभरची पोरं ‘व्हीली’ म्हणतात. तो शब्द जेमतेम साठ वर्षांचा आहे. हौस मात्र घोडेस्वारीइतकी जुनी.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याला मागच्या पायांवर वजन घेऊन पुढचं अंग उचलायला कसं शिकवावं, हे त्यात आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढरे लिपिझानर घोडे आजही ‘लव्हाद’ नावाची मुद्रा करतात. घोडा मागचे गुडघे वाकवून बसल्यासारखा होतो, अंग जमिनीशी तीस-पस्तीस अंशांवर आणतो आणि काही क्षण तसाच थांबतो. बिथरलेला घोडा याहून कितीतरी उंच उभा राहतो. त्याला शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं ते थांबणं, आणि हलकेच खाली येणं. आपल्याकडे कुरुंदवाड संस्थानात घोडे तयार करणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभी केली, तीही अशाच घोड्यांच्या जोरावर.

व्हीलीची सगळी कुळकथा याच फरकावर उभी आहे. चाक उचलणं हा निम्माच भाग. बऱ्याचदा तो यंत्र आपणहून करतं, नको असतानाही करतं. उरलेला निम्मा भाग माणसाने शिकायचा असतो.

दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली आणि लगेच रंगमंचावर चढली. डॅनियल कॅनरी हा अमेरिकी कसरतपटू त्याआधी उंच चाकाच्या सायकलवर खेळ करत असे. नव्या सायकलवर पुढचं चाक उचलून चालवण्याचा पहिला मान सहसा त्यालाच दिला जातो, साल १८९०. त्याच्याजवळ इंजिन नव्हतं. पेडलला एक जोराचा दाब, हँडलला ओढ आणि अंग मागे, एवढंच. चाक उचललं गेल्यावर पुढचं सगळं तोलावर.

मग बरीच वर्षं ही कसरत सर्कशीतच राहिली. गल्लीत ती आणली एका सायकलने.

१९६३ साली शिकागोच्या श्विन कंपनीतले अल फ्रिट्झ यांच्या कानावर आलं, की कॅलिफोर्नियातली मुलं लहान चाकांच्या सायकलींना उंच, मागे वळलेली हँडलं लावून फिरतायत. फ्रिट्झ यांनी तशीच सायकल कारखान्यात बनवली: वीस इंची चाकं, शिंगांसारखं हँडल आणि केळ्याच्या आकाराची लांबलचक सीट. ही सीट मुळात सायकल-पोलोसाठी निघालेली होती. गाडीचं नाव स्टिंग-रे. आता तिच्यावर बसलेला दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. सीट लांब, त्यामुळे तो थेट मागच्या चाकावर बसलाय. हँडल उंच, त्यामुळे हात वर आणि अंग मागे झुकलेलं. चाक लहान, त्यामुळे पेडलच्या एका दाबात गाडी झेपावते. ही सायकल उभी राहण्यासाठीच जन्मली होती, जरी कारखान्यात तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. अशा सायकलींना पुढे ‘व्हीली बाइक’ हेच नाव पडलं.

त्याच सुमारास ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींच्या, पट्ट्यावर दुसरा अपघात घडत होता. डॉज कंपनीच्या ए-१०० या छोट्या पिकअपमध्ये ४२६ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ सात लिटरचं हेमी इंजिन बसवलं गेलं, तेही केबिनच्या मागे. ‘लिटल रेड वॅगन’ नावाची ती गाडी शर्यत जिंकायला बांधली होती. पण वजन सगळं मागे गेलेलं, त्यामुळे सुटताच तिने नाक आभाळाकडे केलं. बिल ‘मॅव्हरिक’ गोल्डन यांनी मग तोच तिचा खेळ केला आणि पुढे कित्येक वर्षं ते ती गाडी मागच्या चाकांवर पळवत राहिले. ड्रॅगवाल्यांचा शब्द ‘व्हीलस्टँड’ होता, म्हणजे चाकावर उभं राहणं. ‘व्हील’ला लाडाचा ‘ई’ जोडून झालेलं व्हीली हे सुटसुटीत रूप साठच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत छापून यायला लागलं. पोरांची सायकल, ड्रॅगचा ट्रक आणि मोटारसायकल या तिघांनाही ते चाललं.

मोटारसायकलवाल्यांना मात्र अजून हवी तेवढी ताकद मिळाली नव्हती. मोटारसायकलवरून लांब उड्या मारणारा अमेरिकी कसरतपटू ईव्हल निव्हल साठच्या दशकाच्या मध्यापासून आपल्या खेळात व्हीली दाखवत असे, सीटवर उभं राहूनसुद्धा. प्रेक्षक उडीसाठी येत, आणि उडीच्या आधी तो एका चाकावर मैदानभर फिरून त्यांना तयार करी. सामान्य ग्राहकाच्या हाती हे आलं १९६९ साली. कावासाकीची एच-१ माख थ्री ही ४९८ सीसी, तीन सिलिंडरांची टू-स्ट्रोक: ६० हॉर्सपॉवर आणि वजन १७४ किलो. कमी आरपीएमला ती मवाळ वाटायची. मग एका टप्प्याला ताकद एकदम यायची आणि पुढचं चाक जमीन सोडायचं, चालवणाऱ्याच्या मनात असो वा नसो. १९७२ च्या साडेसातशे सीसी एच-२ ने हेच जास्त जोराने केलं. या घराण्याला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव पडलं. ते नाव उगाच पडलं नाही. ती गाडी घेऊन घरी जाणाऱ्याला चाक कसं उचलायचं हे शिकावं लागत नव्हतं. ते खाली कसं आणायचं हे शिकवणारं कुणी नव्हतं.

गाडी उचलली का जाते? एसटी सुटताना उभा प्रवासी मागे झुकतो, त्याच कारणाने. मागचं चाक गाडीला ढकलतं ते जमिनीलगत, आणि गाडीचं व स्वाराचं मिळून वजन असतं वर, गुडघ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर. खालचं पुढे निघतं, वरचं मागे राहू पाहतं. या वजनाच्या मध्याची उंची आणि मागच्या चाकापासून त्याचं आडवं अंतर सारखं धरलं, तर चाक उचलायला गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण लागतं. म्हणजे शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर, २.८ सेकंदांत. आजच्या हजार सीसीच्या गाड्या शंभर गाठायला साधारण तीन सेकंद घेतात. इंजिनात दम कमी म्हणून नाही, आणखी पिळलं तर पुढचं चाक हवेत जातं म्हणून.

पण इथून पुढचा हिशोब उलटा आहे. चाक जसजसं वर जातं तसतसा वजनाचा मध्य मागच्या चाकाच्या डोक्यावर सरकतो आणि ताकद कमी कमी लागत जाते. एका जागी ती जवळजवळ लागतच नाही. ही तोलाची जागा. तिच्या अलीकडे गाडी पुढे पडते, पलीकडे मागे. पलीकडे गेलेली गाडी अॅक्सिलरेटर सोडून वेळेत परत येईलच असं नाही. खात्रीने परत आणतो तो मागचा ब्रेक: मागचं चाक रोखलं, की वरचं सगळं वजन पुढे झेपावतं आणि पुढचं चाक खाली येतं. ताकदीने गाडी वर जाते आणि उजव्या पायाखालच्या त्या छोट्या पेडलने ती तिथे राहते.

हे ज्याच्या पायात पुरतं भिनलं होतं, तो अमेरिकेचा डग डोमोकोस. लोक त्याला व्हीलीचा राजा म्हणत. २७ जून १९८४ रोजी अलाबामातल्या टॅलाडेगाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तो होंडा एक्सआर-५०० घेऊन उतरला आणि पुढचं चाक न टेकवता १४५ मैल गेला. म्हणजे २३३ किलोमीटर. मुंबईहून निघून पुणं मागे टाकून साताऱ्याच्या वाटेला लागण्याइतकं. सात वर्षांनी, ५ मे १९९१ ला, जपानच्या यासुयुकी कुदो यांनी तो आकडा ३३१ किलोमीटरवर नेला. गाडी कुठली? होंडा टीएलएम-२२०आर. दगडधोंड्यांवरून सावकाश चढायची, दोन-सव्वादोनशे सीसीची हलकी ट्रायल्सची गाडी. ‘पॉवरफुल गाडीशिवाय व्हीली कशी’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा विक्रम एकदा मनापासून वाचावा.

ताकदीचा विक्रम वेगळा. स्वीडनचा पॅट्रिक फ्युर्स्टेनहॉफ १८ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर टर्बो लावलेल्या होंडा ब्लॅकबर्डवरून एका चाकावर ताशी ३०७.८६ किलोमीटर वेगाने गेला. हा वेग नंतर मागे पडला.

पुढच्या काळात शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांचं उलटंच चाललं होतं. ट्रॅकवर उचललेलं चाक म्हणजे वाया गेलेली ताकद, आणि हवेतल्या चाकाने वळताही येत नाही. २०११ च्या एप्रिलिया आरएसव्ही-४ मध्ये चाक उचललं जातंय हे ओळखून इंजिन आवरणारी यंत्रणा आली. २०१५ च्या यामाहा आर-१ ने गाडीचा कल सहा दिशांनी मोजणारा सेन्सर बसवला. त्याच वर्षी डुकाटीने मोटोजीपी शर्यतींत गाडीच्या तोंडाला छोटे पंख लावले, वाऱ्याने पुढचं चाक दाबून धरावं म्हणून. ज्या दोषातून ही कला जन्मली तो दोष आता मेनूमधल्या एका बटणाने बंद करता येतो. आणि ही कला शिकणाऱ्याला पहिल्यांदा तेच बटण शोधावं लागतं.

महाराष्ट्रात या कुळाची शाखा आली ती टू-स्ट्रोकच्या धुरातून. १९८५ ची यामाहा आरएक्स-१०० म्हणजे ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि शंभर किलोच्या आसपास वजन. ‘पहिल्यात टाक, रेस कर, क्लच सोड’ एवढा त्या काळच्या कट्ट्यावरचा पाठ होता, आणि त्यात ब्रेकचा शब्दही नव्हता. २०१२ साली पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएम ड्यूक २०० बाजारात आली. साधारण २५ हॉर्सपॉवर. कॉलेजच्या गेटबाहेर ‘व्हीली मारणं’ हा शब्दप्रयोग आता सगळ्यांच्या तोंडी आहे. गाडी दुप्पट ताकदीची झाली, पाठ तोच राहिला.

म्हणून रस्त्यावरच्या व्हीलीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक पद्धतीने गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट समोर असते. एका चाकावर चाललेल्या माणसाचा पुढचा ब्रेक निकामी असतो, हँडलने वळता येत नाही, आणि वर आलेल्या टाकीमुळे समोरचा रस्ता नीट दिसत नाही. त्या रस्त्यावर शाळेतून परतणारं पोर असतं.

ही गोष्ट रीतसर शिकवणारे वर्ग परदेशात आहेत, इंग्लंडमध्ये विशेष. तिथे रिकामी डांबरी धावपट्टी असते, शिकणाऱ्याच्या अंगावर कातडी सूट, पाठीला कवच. काही ठिकाणी ठरावीक कोनापलीकडे गेलं, की इंजिन आपोआप बंद होतं. पहिल्या तासाला चाक फारसं उचलू देत नाहीत. गाडी हळू चालवायची आणि उजव्या बुटाचा चवडा पेडलवर ठेवून मागचा ब्रेक हलकेच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. बघण्याची गरज न राहता पाय तिथे जाईपर्यंत हे चालतं. मग पहिला गिअर, डाव्या हाताचं एक बोट क्लचवर, थोडी रेस, क्लचचा एक झटका. पुढचं चाक वीतभर उठतं, हँडल क्षणभर हलकं लागतं, आणि टायर चीं करून डांबरावर परत टेकतो. शिकणारा हसत हेल्मेटची काच वर करतो. शिकवणारा चाक किती उठलं ते विचारत नाही. पाय ब्रेकवर होता का, एवढंच विचारतो. नव्वद टक्के वेळा पाय फूटरेस्टवरच असतो, आणि मग गाडी वळवून पुन्हा पहिल्यापासून.