मल्लखांबाची परिभाषा आणि बालकांचा व्यायाम

व्यायामप्रकाराचा इतिहास पुष्कळदा त्याच्या परिभाषेत जपलेला असतो. मल्लखांबाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ‘खांब’ हा प्राकृत ‘खंभ’ शब्दापासून आलेला. म्हणजे मल्लांच्या सरावाचा तो खांब, हे नावावरूनच उघड होते. त्याच्या भागांस खालून वर अनुक्रमे ‘अंग’, ‘मान’ आणि ‘बोंड’ म्हणतात, व त्याची ‘पकड’ घ्यावयाची असते. ज्यास अंग व मान आहे आणि ज्याची पकड घ्यावयाची, तो या भाषेपुरता तरी प्रतिमल्लच होय.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात या व्यायामाचा उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. निजामाकडील पहिलवानांचे आव्हान स्वीकारून देवधरांनी सप्तशृंगीस उपासना केली, ही कथा परंपरागत आहे. तीतूनही साधनेचा हेतू दिसतो तो कुस्ती जिंकण्याचाच.

दादरला १९२५ मध्ये काळे गुरुजींनी श्री समर्थ व्यायाम मंदिर स्थापिले. अशा संस्थांतून मल्लखांब मुलांच्या हाती आला, आणि परिभाषा तीच राहूनही तिचा अर्थ पालटला. जमिनीवर सुमारे २.६ मीटर उंच, वर निमुळत्या होत गेलेल्या, एरंडेल चोळलेल्या खांबावर मूल प्रथम शिकते ती ‘अढी’. पायांनी खांबास विळखा घालताना मांड्या, पोट, पाठ व हात यांस एकत्रच श्रम पडतात. येथे उचलावयाचे ओझे म्हणजे स्वतःचेच शरीर. मूल वाढते तसे तेही वाढते. वेताच्या मल्लखांबाचे रूपांतर असलेला दोरीचा मल्लखांब मुलींमध्ये विशेष रुजला.

२०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२४ मध्ये प्रशिक्षक उदय देशपांडे यांस पद्मश्री जाहीर झाली. हा गौरव यथोचितच आहे. परंतु स्पर्धेतील गुणांसाठी अवघड प्रकार आधी आणि अढी नंतर असा क्रम झाला, तर मूल पुन्हा दुसऱ्याच्या विजयाचे साधन ठरेल. अढी, तेढी, दसरंग, फिरकी ही परिभाषा शिक्षणाचा क्रमही सुचविते. तो सांभाळणे हे या इतिहासाच्या वारसांचे काम आहे.