घारापुरी : संध्याकाळी परतणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास (थ्रेड)

बेटावरची एक दिवसाची सहल म्हटली की हल्ली खडबडीत वाटेने धावणारी जीप आणि निळ्या पाण्याखालचे प्रवाळ डोळ्यांपुढे येतात. पनवेलची खाडी मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते तिथून जवळच असलेल्या घारापुरी बेटावर यांतले काहीच नाही. पाणी गढूळ, किनारा चिखलाचा. तरीही जवळजवळ पाचशे वर्षे परके प्रवासी इथे येतात, लेणी पाहतात आणि परततात. बेटाचा जो इतिहास आपण वाचतो, तो बहुतांशी याच मंडळींनी लिहिलेला आहे.

आज घारापुरी उरण तालुक्यात मोडते. ब्रिटिश अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचाच पोटविभाग होता. म्हणजे जगाच्या दृष्टीने ‘मुंबईचे’ असलेले हे बेट कारभाराच्या दृष्टीने पनवेलचे होते.

१५३४ मध्ये वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथील लेणे पाहिले. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आपण पाहिले तेव्हा हे स्थळ प्रेक्षणीय होते, आता गुरे आत शिरून त्याची नासधूस झाली आहे, अशी त्याची तक्रार. एरवी ही नोंद कुणी सहज ओलांडून जाईल; पण गुरे होती म्हणजे गुराखी होते, गोठे होते, वस्ती होती. ती गुरे कुणाची, हे मात्र ओर्ता सांगत नाही.

पुढे झुआंव द कास्त्रोने लेण्याची मोजमापे घेतली. दियोगु द कूतो या इतिहासकाराने याहून महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. लेण्यात एक शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. तिथे तो कुणाला वाचता आला नाही, आणि नंतर त्याचा मागच लागला नाही. सहाव्या शतकातले हे लेणे कुणी कोरविले, कलचुरींनी की कोकणच्या मौर्यांनी, हा वाद आजही चालतो, त्याचे एक कारण तो हरवलेला दगड. मूर्तिभंजनाच्या कथा अधिक रंगवून सांगितल्या जातात. अभ्यासकाला मात्र ही हानी जास्त बोचावी.

‘एलिफंटा’ हे नावही पोर्तुगीजांचेच. राजबंदरजवळ काळ्या पाषाणाचा एक भव्य हत्ती उभा होता, त्यावरून ते पडले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान कोसळली. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईच्या राणीच्या बागेत नेले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. हत्ती आजही भायखळ्यात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून जगाने बेटाला ओळखले, तो बेटावर नाही. ‘घारापुरी’ हे नाव मात्र रहिवाशांनी सोडले नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या साहेबांसाठी ही ठरलेली सहल झाली. भरती-ओहोटी पाहून होडी सोडायची, चिखल टाळून उतरायचे, डोंगर चढायचा आणि लेण्यात जेवायचे. नोव्हेंबर १८७५ मध्ये तर प्रिन्स ऑफ वेल्सला मुख्य लेण्यातच मेजवानी देण्यात आली. सदाशिवाच्या त्या विराट त्रिमुखापुढे मद्याचे पेले भरले गेले, याचे त्या वेळच्या यजमानांना काही वावगे वाटले नसावे. चढणीच्या पायऱ्या मात्र साहेबांच्या सोयीसाठी झाल्या नव्हत्या. शतकाच्या मध्याला एका लोहाणा व्यापाऱ्याने त्या बांधविल्या. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरत असे. लेणे ‘ओसाड’ असल्याचे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

१९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांना त्यानंतरही एकतीस वर्षे नियमित वीज मिळाली नाही. संध्याकाळी काही तास डिझेलचे जनित्र चाले, मग अंधार. समोर मुंबईचे दिवे लखलखत, न्हावा-शेवा बंदर रात्रभर उजळलेले असे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळावरून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज बेटावर पोहोचली. पर्यटकांना इथे मुक्कामाची परवानगी नाही. शेवटची होडी दिवस मावळण्यापूर्वी सुटते. त्यामुळे या घटनेचे वर्णन कोणा प्रवाशाच्या रोजनिशीत सापडायचे नाही. ते शेतबंदर, राजबंदर, मोराबंदरच्या घरांतच विचारावे लागेल.