डेल्टा ग्रीन म्हणजे काय? मोबाईलवर फासे टाकून हा गेम कसा खेळायचा?

डेल्टा ग्रीन हा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे ॲप नाही, ग्राफिक्स नाहीत. चार-पाच जणांनी बसून बोलत बोलत खेळायचं. एक जण हँडलर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एजंट होऊन आपण काय करतो ते सांगतात. नावात टेबल असलं तरी ते लागतंच असं नाही. आम्ही डिलाईल रोडला बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत चटई टाकून खेळतो, टेबल मावणार कुठे!

कथा अशी: अमेरिकी सरकारी खात्यांतले काही लोक गुपचूप एकत्र येऊन अमानवी संकटं दडपतात. याचं मूळ एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांत आहे. 1997 मध्ये हे 'कॉल ऑफ क्थुलू' या गेमची पुरवणी म्हणून पुस्तकात आलं, 2016 मध्ये स्वतंत्र गेम झाला. नारायण धारपांचे 'समर्थ' वाचले असतील तर फरक लगेच कळेल. समर्थांकडे शक्ती असते. इथल्या एजंटकडे नोकरीचं ओळखपत्र आणि टॉर्च.

नियम सोपे आहेत. एखादं कौशल्य 40 टक्के असेल तर 1 ते 100 मधला आकडा काढायचा. 40 किंवा कमी आला की जमलं. भयंकर काही दिसलं की 'सॅनिटी', म्हणजे मनाचा तोल, कमी होतो. एका फटक्यात 5 किंवा जास्त गेले तर एजंट तिथेच काही काळ भान हरपतो.

खरी गंमत 'बाँड'मध्ये आहे. बाँड म्हणजे एजंटची जवळची माणसं, प्रत्येकासमोर एक आकडा. सॅनिटीचा फटका कमी करायचा असेल तर इच्छाशक्तीचे 1 ते 4 गुण खर्च करायचे, पण तेवढाच आकडा त्या नात्यातूनही वजा होतो. मग घरी परतल्यावर ते नातं कसं बिघडलं तो प्रसंग खेळायचा.

आमच्यातल्या एकाने बाँडमध्ये 'बाबा' लिहिलं होतं, 12 गुण. तीन खेळांत 3 उरले. चौथ्या वेळी मी गोष्ट इथलीच घेतली: 1982 च्या संपानंतर बंद पडलेली गिरणी, आणि रात्री तिचा भोंगा वाजतो. आत जे दिसलं त्यात त्याचे 6 गुण जात होते. मी म्हटलं, "बाबांवर टाक, वाचशील." तो म्हणाला, "नको. सहाच्या सहा जाऊ देत." हिशेबाने चाल चुकीचीच होती. खऱ्या बाबांना त्याने दीड महिना फोन केला नव्हता, हे नंतर कळलं. त्या रात्रीही केला नाही, बारा वाजून गेले होते.

म्हणून आता खेळाआधी मी विचारून घेतो: खऱ्या घरातलं कुणाला बाँडमध्ये घ्यायचं नाहीये का?

बाकी फोन पुरतो. गूगलवर इंग्रजीत 'रँडम नंबर जनरेटर' टाईप करा, 1 ते 100 सेट करा. 'नीड टू नो' ही सुरुवातीची पुस्तिका मोफत पीडीएफमध्ये मिळते. एकाच एजंटला काही दिसलं तर हँडलरने त्याला व्हॉट्सॲपवर वेगळा मेसेज करावा. तो वाचताना त्याचा चेहरा बाकीच्यांना बघू द्या.