भंडारा शब्दात अक्षरं किती?

भंडारा या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोरगंही सांगेल, तीन. भं, डा, रा. हाच प्रश्न पीएचपी नावाच्या संगणकभाषेला तिच्या नेहमीच्या पद्धतीने विचारला, तर ती उत्तर देते, अठरा! वर तिला हे उत्तर चूक आहे असं वाटतही नाही. गेली काही वर्षं मी या अठराचा माग काढतो आहे. जन्मभर गणित आणि मराठी शिकवल्यावर ही खोड लागणारच. आज जे सापडलं ते लिहून ठेवतो.

पीएचपी म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांसाठी आधी सांगतो. रासमुस लेर्डोर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला गृहस्थ. १९९४ च्या सुमारास त्याने स्वतःच्या वेबपानासाठी काही छोटी अवजारं तयार केली आणि जून १९९५ मध्ये ती सगळ्यांना वापरायला खुली केली. नाव ठेवलं पर्सनल होम पेज टूल्स, म्हणजे घरगुती पानाची हत्यारं. पुढे इस्रायलमधल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोन विद्यार्थ्यांनी ती नव्याने बांधली आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. या दोघांनी एक गंमत करून ठेवली. दोन अपूर्णविराम जोडून लिहायची एक खूण या भाषेत आहे, तिला त्यांनी हिब्रू नाव दिलं, 'पामायिम नेकुदोतायिम'. त्यामुळे ती खूण चुकली की जगभरच्या पोरांना पडद्यावर हिब्रू शब्द दिसायचा आणि ती चक्रावून जायची. मला मात्र हे फार आवडलं. चूक दाखवताना माणसाला आपली भाषा आठवली!

आज आपण इंटरनेटवर जे वाचतो त्यातलं बरंच काही या भाषेवर चालतं. विकिपीडिया ज्यावर उभा आहे ते मीडियाविकी पीएचपीमध्ये लिहिलेलं आहे. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यावरच.

आता चुकांकडे वळू. संगणकातल्या चुकीला बग म्हणजे किडा म्हणतात. हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी खरोखरचा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पण शब्द त्याहून जुना आहे. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या दोषासाठी तो वापरलेला आहे. आम्हा धानपट्ट्यातल्या लोकांना किड्याची उपमा समजावून सांगावी लागत नाही. खोडकिडा खोडाच्या आत बसून खातो. बाहेर दिसते ती पांढरी पडलेली पोचट लोंबी. दुखणं एका जागी, लक्षण दुसऱ्या जागी. प्रोग्रॅममधली चूकही नेमकी अशीच वागते.

पीएचपी लिहिणारी पोरं सुरुवातीला हा किडा कसा शोधायची? तर जागोजागी 'इथपर्यंत आलो' असं छापून बघायची. कार्यक्रम कुठे थांबला ते त्यावरून कळायचं. आत साठवलेली माहिती जशीच्या तशी ओतून दाखवणारी 'व्हार-डंप' नावाची आज्ञाही होती. अंधाऱ्या गोठ्यात कंदील घेऊन फिरण्यासारखं हे काम. २००२ मध्ये डेरिक रेथान्स या डच माणसाने एक्सडीबग आणलं, आणि कार्यक्रम ओळीओळीला थांबवून प्रत्येक ओळीला आत काय चाललं आहे ते बघता येऊ लागलं. तरीही कंदील घेऊन फिरणारे आजही भरपूर आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. का, ते पुढे कळेल.

दुसरं अवजार तपासणीचं. इथे मला आपला ताळा आठवतो. आम्ही गुणाकार झाला की नवाचा ताळा करायला लावायचो. अंकांची बेरीज करायची, नऊ टाकायचे, उरलेलं जुळलं तर पुढे जायचं. ही रीत जुनी आहे, दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतात ती सापडते. संगणकवाल्यांनी तीच कल्पना वेगळ्या मार्गाने आणली. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसून जेयुनिट लिहायला घेतलं. त्याच धर्तीवर जर्मनीच्या सेबास्टियान बेर्गमानने पीएचपीसाठी पीएचपीयुनिट तयार केलं. तत्त्व साधं. अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचं, यंत्राने काढलेलं उत्तर त्याच्याशी ताडायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. शिक्षकाची उत्तरपत्रिका म्हणा ना!

पण ताळ्याची एक खोट प्रत्येक गणित शिक्षकाला माहीत असते. ४५६ च्या जागी पोराने ४६५ लिहिलं, तरी अंकांची बेरीज पंधराच. ताळा जुळतो आणि उत्तर चुकलेलं असतं. ताळ्याला जी चूक दिसतच नाही ती तो दाखवणार तरी कशी?

हे मला एरवी सुचलं नसतं. २०११ साली एका शाळेचा मोठा समारंभ होता. (शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता.) माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर घ्यायची, आडनाव टाकलं की माणूस सापडला पाहिजे आणि त्या यादीवरूनच पत्रिका जायच्या, असं ठरलं. नागपुरात नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने पीएचपीत ते काम फुकट करून दिलं. पोरगं शिस्तीचं. तपासण्या लिहिल्या होत्या, सगळ्या हिरव्या.

पत्रिका गेल्या आणि आठवड्याने एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे जन्मभर भांड्यांच्या कारखान्यात हातोडी मारली. आडनाव कुऱ्हाडे. म्हणाला, "सर, शेजारच्याले पत्रिका आली, मले नाही आली. सातवीच शिकलो म्हणून काढलं का जी माझं नाव?"

दाखलखारीज रजिस्टर काढलं. त्याचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. संगणकात पाहिलं तर कुऱ्हाडे होते, पण सगळे नव्हते. निम्मेही दिसेनात. पूर्ण यादी उघडून बोट फिरवत गेलं की मात्र एकूणएक हजर! म्हणजे नाव यादीत होतं, शोधल्यावर मिळत नव्हतं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, एखाददुसरा राहणारच. कुऱ्हाडे, वऱ्हाडे, पऱ्हाड, बऱ्हाटे अशी सगळी आडनावं तपासली तेव्हा ते गप्प झाले. गळालेली माणसं सगळी एकाच अक्षराची होती.

तो विद्यार्थी रविवारी आला. सापडणारा एक कुऱ्हाडे आणि न सापडणारा एक कुऱ्हाडे त्याने शेजारी शेजारी ठेवले. पडद्यावर तसूभर फरक नाही. मग त्याने तो जुना कंदील काढला, व्हार-डंप. एका नावापुढे आकडा आला २४, दुसऱ्यापुढे २७.

इथे अठराचं कोडं सुटतं. पीएचपी अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्यामुळे तिथे कुणाचं काही अडलं नाही. देवनागरीतली प्रत्येक खूण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. सहा खुणा, तिरपट अठरा. त्याच हिशोबाने कुऱ्हाडे म्हणजे क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. आठ त्रिक चोवीस. मग दुसऱ्या कुऱ्हाडेत जास्तीचे तीन बाइट कुणाचे?

तो आडव्या चंद्रकोरीसारखा र मराठीचा खास दागिना आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात फरक आहे तो त्याच्यामुळे. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचं! पण युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन रीती आहेत. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली रीत अशी की साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर', म्हणजे रुंदी नसलेला, डोळ्यांना न दिसणारा सांधा. नंतरची रीत अशी की खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि हलन्त द्यायचा. जुनी रीतही मोडीत काढली नाही, चालू ठेवली. दोन्ही नियमाप्रमाणे शुद्ध. यादी टंकणारी मुलं दोन-तीन होती. कुणी इनस्क्रिप्ट कळफलक वापरला, कुणी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारं साधन. एकाने ऱ दिला, दुसऱ्याने न दिसणारा सांधा. ते तीन बाइट त्या सांध्याचे.

आणि तपासण्या हिरव्या का? कारण यादीतलं नमुन्याचं नाव आणि शोधायचं नाव ही दोन्ही त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या एकाच कळफलकावरून टंकली होती. ४५६ आणि ४६५! बाइट मोजायच्या ज्या सवयीला सगळे हसतात, तिनेच शेवटी चूक पकडून दिली, याची मला अजून गंमत वाटते.

शोधाच्या अवजारांचं दुखणं तर आणखी जुनं. पीएचपीच्या जोडीला असायचा तो मायएसक्यूएल हा माहितीचा साठा मूळ स्वीडनचा. कितीतरी वर्षं, २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर तो अक्षरांचा क्रम स्वीडिश धरायचा. आमचे देशमुख आणि मेश्राम स्वीडिश रांगेत उभे! त्याच्या जुन्या शब्दशोधात चार खुणांपेक्षा लहान शब्द सोडून द्यायचे, असाही मूळचा नियम होता. इंग्रजीतले 'द', 'अँड' असले भरताड शब्द टाळायची ही युक्ती. पण 'धान' म्हणजे ध, काना, न. तीनच खुणा. भातही तीन, नदीही तीन. धानाच्या जिल्ह्यात धान शोधावं आणि काही मिळू नये! दुसरीकडे, शब्द म्हणजे सलग अक्षरं अशी व्याख्या करून मजकूर तोडणारे कार्यक्रम काना-मात्रा-अनुस्वारांना अक्षर मानत नव्हते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत त्यांचा गट वेगळा आहे. त्यांच्या हाती भंडारा दिला की भ, ड आणि र असे तीन तुकडे पडायचे.

आणि हे सगळं दुरुस्त केलं तरी व्याकरण उरतंच. मार्टिन पोर्टरने १९८० मध्ये इंग्रजी शब्दांचे शेवट छाटून मूळ शब्द काढायची रीत प्रसिद्ध केली, तिचा शोधयंत्रांवर मोठा प्रभाव पडला. मराठीत नुसतं शेपूट छाटून भागत नाही, सामान्यरूप होताना अंगच बदलतं. पाऊस, पावसाने. लाकूड, लाकडाचा. भंडारा, भंडाऱ्याला. 'भंडारा' शोधणाऱ्याला 'भंडाऱ्याहून बस सुटली' हे वाक्य मिळत नाही, आणि जेजुरीची हळद व मंदिरातली जेवणावळ मात्र भरभरून मिळते. मराठी विकिपीडियावर यावर एक हाताने करायचा उपाय आहे. पर्यायी लेखनाचं रिकामं पान करायचं आणि ते मूळ पानाकडे वळवायचं. काम किचकट, पण खात्रीचं.

पीएचपीने हे मुळातून सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००५ पासून आंद्रेई झ्मिएव्स्कीच्या पुढाकाराने सहावी आवृत्ती घडवायला घेतली, तिच्या पोटातच युनिकोड असणार होतं. पण काम अवजड झालं, वेग मंदावला, २०१० मध्ये सोडून दिलं. तोवर पीएचपी ६ शिकवणारी पुस्तकंही छापून झाली होती! २०१५ च्या डिसेंबरात आली ती थेट सातवी. पाचवीनंतर सातवी, सहावी गाळून. अशी बढती आम्ही शाळेत कुणाला दिली नाही.

उपयोगी पडलं ते बाजूबाजूने आलेलं. जपानी मंडळींना त्यांच्या लिपीची अडचण होती, त्यांनी एमबीस्ट्रिंग नावाची पुरवणी लिहिली. तिला विचारलं तर भंडारा शब्दात सहा. २००९ च्या ५.३ आवृत्तीबरोबर इंटल नावाची पुरवणी आली, तिच्यात माणसाला दिसतात तशी अक्षरं मोजायची सोय आहे. तिचं उत्तर तीन. अठरा, सहा, तीन. तिन्ही उत्तरं आजच्या पीएचपीत नांदतात, कोणाला विचारता यावर सगळं आहे. जपानी लोकांनी तक्रार करून वाट पाहिली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण मात्र कित्येक वर्षं 'संगणकात मराठी नीट चालत नाही' एवढंच म्हणत बसलो.

असो. कुऱ्हाडेंच्या घरी पत्रिका मी स्वतः नेऊन दिली. विद्यार्थ्याने दुरुस्ती केली ती दोनच जागी. नाव साठवताना आणि नाव शोधताना, न दिसणारा सांधा असलेला र दिसला की त्याचा ऱ करून घ्यायचा. मग त्याने तपासणीची वेगळी फाईल केली आणि तिच्यातली नावं स्वतः टंकायची नाहीत असं ठरवलं. ज्याचं नाव सापडत नाही त्याच्याकडूनच, त्याच्याच मोबाईलवरून लिहून मागवायचं. अजून ती फाईल चालू आहे. मागच्या महिन्यात पवनीच्या एका बाईंनी पाठवलेलं वऱ्हाडपांडे तिच्यात गेलं. पहिल्या फेरीत लाल आलं, कारण आडनावाच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटून आली होती.