देवाला ‘तू’ म्हणण्याची भाषा

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, आणि मंडळीच्या नोंदवहीत चढलेले नाव यांमुळे माणूस ख्रिस्ती समाजाचा घटक होतो. परंतु एवढ्याने देवाशी त्याचे नाते जडले असे ख्रिस्ती धर्मचिंतनाने कधी मानले नाही, आणि अठराव्या शतकापासूनच्या प्रॉटेस्टंट पंथांनी तर प्रत्येकाने ख्रिस्ताला स्वतःच्या अनुभवाने ओळखावे व त्याच्याशी नित्य बोलावे, हा आग्रह उपदेशाच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. ही शिकवण मराठी मुलखात पोहोचली तेव्हा तिला लागणारी भाषा तेथे अगोदरच तयार होती. देवाला ‘तू’ म्हणणारी, त्याच्यावर रुसणारी, त्याला माउली म्हणून हाक मारणारी आणि प्रसंगी जाब विचारणारी अभंगवाणी नामदेवांपासून तुकारामांपर्यंत घडत आली होती व ती निरक्षरांच्याही तोंडी होती. ख्रिस्ताशी बोलताना ही वाणी चालेल काय, हा खरा प्रश्न होता, आणि मराठी ख्रिस्ती भक्तीचा इतिहास पुष्कळ अंशी त्याच्या परस्परविरोधी उत्तरांतून घडला आहे.

पहिले उत्तर प्रॉटेस्टंट मिशनरी येण्याच्या दोनशे वर्षे आधी गोव्यातून आले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक संन्यासी संघाचे धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि साष्टी तालुक्यात त्यांनी आयुष्य वेचले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या तेथील कुटुंबांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही मिळाले नव्हते. रविवारच्या धर्मशिक्षणानंतर एका ब्राह्मण श्रोत्याने नेमकी हीच उणीव बोलून दाखवल्याचा प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच रंगवला आहे. १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघालेले ‘क्रिस्तपुराण’ ही त्या मागणीची पूर्तता होय. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन पुराणांत विभागला असून त्यांत अनुक्रमे ३६ आणि ५९ ‘अवस्वरू’, म्हणजे अध्याय, आहेत. मराठी ग्रंथ असूनही तो रोमन लिपीत छापला गेला, कारण देवनागरीचे खिळे तेथे उपलब्ध नव्हते. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास स्टीफन्स कचरले नाहीत. तीन चरण यमकाने जुळलेले आणि चौथा मोकळा सोडलेला, अशी ओवी मुळात ऐकण्यासाठीच घडलेली असते, आणि ‘क्रिस्तपुराण’ही मंडळींत व घराघरांत वाचून ऐकवले जाई, म्हणजे श्रवणभक्तीची सवय तीच राहिली, कथा तेवढी बदलली. तरीही हे पुराण आहे. त्यात सृष्टीपासून तारणापर्यंतची कथा देवाकडून माणसाकडे येते, आणि एकट्या माणसाने देवाला घातलेली हाक हा त्याचा मुख्य सूर नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि ही वाट अरुंद होत गेली.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले व १८३१ पासून अहमदनगर हे त्या कार्याचे मोठे केंद्र झाले. ज्या मंडळीपरंपरेतून हे लोक आले होते तिच्यात बाप्तिस्मा मागणाऱ्याची, विशेषतः प्रौढाची, परीक्षा घेतली जाई आणि त्याला पापाची जाणीव झाली आहे काय, मन पालटले आहे काय, हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत विचारले जाई. अशा आत्मकथनाला मराठी ख्रिस्ती ‘साक्ष’ म्हणतात. उपासनेत मात्र पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते गायली जात. इंग्रजी छंदाच्या मापात मराठी शब्द कोंबताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई आणि नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या, बहुतांशी महार-मांग समाजातील श्रोत्यांच्या गळ्यात ती चाल बसत नसे. ज्या माणसाकडून अंतःकरणाची साक्ष मागायची त्याच्या तोंडी परका सूर द्यायचा, ही विसंगती मिशनच्या पदरी दीर्घकाळ राहिली.

तिच्यावरचा उतारा देशी मंडळींनीच काढला. १८६० च्या दशकात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. नारदीय कीर्तनाचा सांगाडा त्यात तसाच राखलेला असे: हाती चिपळ्या घेतलेला कीर्तनकार उभा, मागे टाळ-मृदंगाची साथ, आरंभी नमन, मग ‘पूर्वरंग’, म्हणजे एखाद्या वचनाचे निरूपण, आणि शेवटी ‘उत्तररंग’, म्हणजे तेच तत्त्व कथेतून उलगडणारे आख्यान. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला या उत्तररंगासाठी जणू मापून बेतलेला होता. सगळी मालमत्ता उडवून डुकरे राखायला लागलेला मुलगा घराकडे वळतो, म्हातारा बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. कीर्तनकाराने येथे एक पद घेऊन बापाचे धावणे लांबवले की ज्या पितृत्वाचे प्रवचनात नुसते विधान होत असे, ते श्रोत्याला डोळ्यांपुढे दिसू लागे.

नारायण वामन टिळक यांनी या वाटेचा राजमार्ग केला. १८६१ मध्ये कोकणात करजगाव येथे जन्मलेल्या या कवीला १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार वाचायला दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाने बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या रचनांत याचा पुरावा पानोपानी सापडतो. ख्रिस्त त्यांच्या अभंगांत गुरू आहे, सखा आहे आणि सर्वांत जास्त वेळा माउली आहे. पाश्चात्त्य धर्मशास्त्राने न्यायासनापुढचा आरोपी आणि क्षमा करणारा न्यायाधीश या रूपकावर भर दिला होता. टिळकांनी तो भर लेकरू आणि आई यांच्यावर हलवला. सिद्धान्ताच्या दृष्टीने हा बदल लहान वाटेल, परंतु प्रार्थना करणाऱ्याचा सगळा पवित्रा त्याने पालटला, कारण आईपुढे अर्ज करावा लागत नाही.

या भक्तीचा मिशनच्या व्यवस्थेशी खटका उडणे अटळ होते. पगारी उपदेशक आणि भक्त या दोन भूमिका टिळकांना एकत्र पेलवेनात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात बरोबरीने बसावेत, ही त्यामागची कल्पना होती. म्हणजे नोंदवही बाजूला ठेवून नात्यालाच सभासदत्व मानण्याचा तो प्रयोग होता. मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघाने आश्रमजीवनाच्या रूपाने तीच दिशा पुढे चालवली.

पंडिता रमाबाईंचे उत्तर याच्या अगदी उलट होते, आणि अभ्यासकांनी ते टिळकांच्या मानाने कमी लक्षात घेतले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. तो मिळाल्याची खूण त्यांनी १८९१ च्या सुमारास शोधली, तीही विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे अनुभवकथन वाचताना. दीक्षा आणि नाते यांच्यात आठ वर्षांचे अंतर मोजून दाखवणारी ही साक्ष मराठी ख्रिस्ती इतिहासात मोलाची आहे. केडगाव येथे रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये जे ‘संजीवन’, म्हणजे सामुदायिक आध्यात्मिक जागृती, झाले त्यात दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या शेकडो मुली-बायका एकाच वेळी मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. कोणी पापे कबूल करी, कोणी रडे, कोणी गाई. ठरलेला पाठ कोणाच्याच तोंडी नव्हता. ज्यांना समाजात स्वतःचे म्हणणे मांडण्याची मुभा कधी मिळाली नव्हती त्या देवाशी थेट बोलत होत्या, हे त्या गलबल्यापेक्षा अधिक लक्षणीय आहे.

या बायकांच्या हाती देण्यासाठी रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते मुक्तिसदनाच्या छापखान्यातच छापले गेले आणि एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाल्यानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताचा वास असलेले शब्द शक्य तेथे टाळले. पुराणे सांगत देशभर फिरलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला संस्कृत तोंडपाठ होते. त्यामुळे त्यांच्या या नकाराला अज्ञानाचे लेबल लावता येत नाही. ज्या शब्दांनी बायकांना देवापासून दूर ठेवले त्याच शब्दांतून देव जवळ येणार नाही, असा त्यामागचा विचार दिसतो. टिळकांना तुकारामाचा पूल आठवत होता, रमाबाईंना पुराणिकाच्या कुटुंबाची पायपीट आणि दुष्काळात गेलेले आईवडील आठवत होते. दोघांच्या भाषेतला फरक या आठवणींतून आला आहे.

टिळकांनी १९०९ मध्ये हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांच्या हातून साडेदहा अध्यायांपलीकडे गेले नाही. ते पुढे नेले लक्ष्मीबाई टिळक यांनी. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, सोवळेओवळे पाळत राहिल्या आणि १९०० मध्ये, वादविवादात न हरता, जातिभेद माणसानेच केला आहे अशी स्वतःची खात्री पटल्यावर ख्रिस्ती झाल्या. त्याही कीर्तन करीत. शालेय शिक्षणाचा आधार नसलेल्या या लेखिकेने ‘ख्रिस्तायना’चे आणखी ६४ अध्याय रचले, १९३६ मध्ये त्या वारल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, पतीचे आणि पत्नीचे अध्याय एकत्र बांधलेला ग्रंथ छापून आला.