लाल अक्षराची कुळकथा

इ. स. २०१० च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत ‘ईझी ए’ नांवाचा एक विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. विल ग्लक हे त्याचे दिग्दर्शक व एमा स्टोन ही नायिका. शाळकरी मुलामुलींसाठीं काढलेल्या चित्रपटांकडे इतिहासाच्या अभ्यासकानें ढुंकूनहि पाहूं नये, असा एक समज आहे. तो बाजूस सारून आम्हीं तो पाहिला, आणि त्याचा माग काढतां काढतां थेट सतराव्या शतकांत जाऊन पोहोंचलों.

कथानक साधें आहे. कॅलिफोर्नियांतील ओहाय गांवच्या हायस्कुलांत शिकणारी ऑलिव्ह ही मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर रानांत मुक्कामास जाणें टाळावें म्हणून एका कॉलेजांतील तरुणाचें निमित्त सांगते. पुढें मैत्रीण खनपटीला बसते, तेव्हां जें घडलेंच नाहीं तें घडलें, असें ती वैतागून सांगून टाकते. सोंवळेपणाची घमेंड मिरविणारी मेरिअ‍ॅन हें आडून ऐकते. मग काय विचारतां! बघतां बघतां सारी शाळा तिच्याकडे बोट दाखवूं लागते. वर्गांत त्याच वेळीं हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी शिकविली जात असते. ऑलिव्ह त्या कादंबरीच्या नायिकेप्रमाणें आपल्या कपड्यांवर लाल रंगाचें ‘ए’ हें अक्षर शिवून घेते. व्यभिचार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें आद्याक्षर.

ही कादंबरी १८५० सालची. तींतील हकीकत मात्र १६४० नंतरच्या बोस्टनमधली. हेस्टर प्रिन ही स्त्री छातीवर तें अक्षर वागविते, आणि आपल्या अपराधांतील भागीदाराचें नांव शेवटपर्यंत सांगत नाहीं. येथें कादंबरीकारानें इतिहासाशीं थोडी सलगी केली आहे. अक्षर शिवण्याची शिक्षा कपोलकल्पित नव्हे. प्लिमथ वसाहतींत १६५८ सालीं तसा कायदा झाला, आणि मॅसॅच्युसेट्समध्यें १६९४ सालीं. या दुसऱ्या कायद्यांत अक्षर दोन इंच लांबीचें असावें व त्याचें कापड अंगावरच्या वस्त्राच्या विरोधी रंगाचें असावें, इतका बारीक तपशील आहे. शरमेचाहि हिशेब इंचांनीं करणारे ते लोक! परंतु हेस्टरच्या काळीं बोस्टनमध्यें या अपराधास अक्षर नव्हतें, फांशी होती.

ती नुसती कागदावरच होती असेंहि नाहीं. १६४४ सालीं मेरी लॅथम ही अठरा वर्षांची विवाहिता आणि जेम्स ब्रिटन हा पुरुष या दोघांस बोस्टनमध्यें फांशीं देण्यांत आलें. गव्हर्नर विंथ्रॉपच्या रोजनिशींत ही हकीकत आहे, आणि तींतील एक बारकावा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. दोन प्रत्यक्ष साक्षीदार नसल्यामुळें कांहीं न्यायाधीशांस पुरावा अपुरा वाटला होता. १६४१ च्या वसाहतीच्या कायद्यानें मृत्युदंडास दोन-तीन साक्षीदार, अथवा तितकाच सबळ पुरावा, आवश्यक ठरविला होता. पंचांनीं दोषी ठरविल्यावर मेरीनें कबुली दिली. तो कायदा निर्दय होता यांत शंका नाहीं. पण साक्षीदार कोठें आहे, हा प्रश्न त्याला पडत असे. एवढेंच नव्हे, तर शेजारणीनें नांव बद्दू केलें म्हणून तिला कोर्टांत खेंचणाऱ्या बायका त्या काळच्या दप्तरांत जागोजाग भेटतात.

हा प्रश्न ज्या दिवशीं पडेनासा झाला, त्या दिवसाचें नांव सेलम. १६९२ सालीं तेथें चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसें फांशीं गेलीं. पहिले आरोप कोणाचे? नऊ आणि अकरा वर्षांच्या दोन मुलींचे. लौकरच बारा वर्षांची अ‍ॅन पुटनम त्यांना मिळाली. इतरांस न दिसणारी आकृति आपल्यास छळते, असें मुलीनें म्हणावें आणि न्यायासनानें तें पुरावा म्हणून टिपून घ्यावें, असा प्रकार चालला. त्या न्यायाधीशांपैकीं जॉन हॅथॉर्न हा कादंबरीकार हॉथॉर्नचा पूर्वज. हें ओझें हॉथॉर्नच्या मनावर होतें, हें कादंबरीच्या प्रास्ताविकावरूनच दिसतें.

आतां पुन्हां ओहायकडे वळूं. ऑलिव्हच्या शाळेंत न्यायाधीश नाहीं, साक्षीदार नाहीं, आणि दाद मागावयास जागाहि नाहीं. हेस्टरनें अपराध केला होता व ती गप्प राहिली; ऑलिव्हनें कांहींच केलेलें नाहीं, आणि तिच्या नांवावर भलभलतीं पोरें आपली मर्दुमकी खपवून घेतात. समलिंगी म्हणून ज्याचा छळ होतो त्या ब्रँडनसाठीं ती हें दयेपोटीं करते. मग इतर येऊन दुकानांतील भेटकार्डांच्या मोबदल्यांत तोच सौदा करतात. हा भाग हंसवितो, पण थोडा लांबला आहे.

चित्रपटाचें खरें मर्म आम्हांस शाळेच्या समुपदेशिकेंत दिसलें. हॉथॉर्नच्या कादंबरींतील डिम्सडेल हा पापाचा वांटेकरी असून पेशानें धर्मोपदेशक आहे. चित्रपटांत त्याची जागा ऑलिव्हच्या कोणा प्रियकराला मिळालेली नाहीं. मुलांना सन्मार्ग दाखविण्याचा पगार घेणाऱ्या मिसेस ग्रिफिथ ती घेतात. एका विद्यार्थ्याशीं असलेला स्वतःचा संबंध झांकण्यासाठीं त्या सारा दोष मुलीवर पडूं देतात, आणि ती खरें सांगूं लागली तेव्हां ‘तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?’ या बळावर निर्धास्त राहतात. या प्रसंगीं आमचें हंसूं मावळलें.

अखेरीस ऑलिव्ह कॅमेऱ्यासमोर बसून सगळी हकीकत साऱ्या शाळेला ऐकविते. ही सोडवणूक जरा सोयीची आहे, हें खरें. सेलममध्यें अ‍ॅन पुटनमच्या पश्चात्तापाचा लेख १७०६ सालीं चर्चमध्यें धर्मगुरूनें वाचला, आणि तो संपेपर्यंत ती सर्वांसमोर उभी होती. तोंवर चौदा वर्षें लोटलीं होतीं, आणि ज्यांच्यावर तिनें बोट रोखलें होतें त्यांतील कित्येक तें ऐकावयास उरलीं नव्हतीं.