पाळी संघाची, नाव खेळाडूचं

विराट कोहली आयपीएलच्या लिलावात आजवर एकदाही विकला गेलेला नाही. 20 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत पहिला लिलाव झाला आणि महेंद्रसिंह धोनीला 15 लाख डॉलरची बोली लागली, तेव्हा कोहली मलेशियात 19 वर्षांखालील विश्वचषक खेळत होता. ती मुलं चषक घेऊन परतली आणि मार्चमध्ये त्यांची वाटणी वेगळ्याच रीतीने झाली. दर आधीच ठरलेला, बोली नाही. संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. दिल्लीची पाळी आधी होती, त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं. मग बंगळूरूने कोहलीचं नाव घेतलं. रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला. या रीतीला ड्राफ्ट म्हणतात. गल्लीत दोन कप्तान आळीपाळीने भिडू मागून घेतात, तसंच हे. पण गल्लीतला भिडू दुसऱ्या दिवशी पलीकडून खेळायला मोकळा असतो. इथे तसं नाही, आणि या रीतीची सगळी कुळकथा त्या एका फरकाभोवती फिरते.

ड्राफ्टचं मूळ अमेरिकेत आहे. फिलाडेल्फियाच्या ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक बर्ट बेल यांना चांगले खेळाडू मिळेनात, कारण कॉलेजातून बाहेर पडणारा प्रत्येक गुणी मुलगा श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघाकडे जाई. त्यांनी सुचवलं की जो संघ तळाला असेल त्याने पहिलं नाव घ्यावं. 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर 90 नावं लिहिली होती. तळाच्या ईगल्सने जे बर्वांगरचं नाव घेतलं. त्या वर्षीचा तो सर्वांत नावाजलेला कॉलेज खेळाडू, पण पैशाचं जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. जगातल्या पहिल्या ड्राफ्टचा पहिला मानकरी मैदानात उतरलाच नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. नाव घेण्याचा हक्क संघाला मिळाला होता. खेळाडूच्या हातात उरलं होतं ते फक्त घरी बसणं.

ऑस्ट्रेलियात ही रीत कोर्टाच्या पायऱ्या चढून आली. तिथल्या फुटबॉलमध्ये कोणत्या भागातला मुलगा कोणत्या क्लबचा, हे नकाशावरच ठरलेलं असे. 1982 मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलला. सिल्व्हिओ फोस्किनी या तरुण खेळाडूला सिडनीला जायचं नव्हतं, सेंट किल्डाकडून खेळायचं होतं. लीगने त्याला मोकळं करायला नकार दिला. तो व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1983 मध्ये जिंकला. त्याला अडवणारे नियम म्हणजे माणसाच्या रोजीरोटीवर गैरवाजवी बंधन, असं न्यायालयाने ठरवलं. मग लीगला खेळाडूंच्या वाटणीची नवी घडी बसवावी लागली, आणि 1986 मध्ये तिथला पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला. पाच वर्षांनी तिथल्याच रग्बी लीगचा ड्राफ्ट मात्र खेळाडूंनी कोर्टातून रद्द करून घेतला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये आजही दोन गोष्टींवरून जोरदार वाद चालतो. एक, बापाने ज्या क्लबसाठी 100 सामने खेळले त्या क्लबला मुलाला घेण्याचा अग्रहक्क. दुसऱ्या क्लबने त्या मुलाचं नाव घेतलं, तर बापाच्या क्लबने त्या तोडीची किंमत मोजून त्याला आपल्याकडे ठेवायचं. ही किंमत किती चढी असावी, यावर नियम बदलत राहतात. दुसरा वाद जास्त खोल आहे. तिथे करारातल्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या संमतीशिवाय होत नाही, आणि ही अट सैल करावी असे प्रस्ताव अधूनमधून पुढे येतात. अमेरिकेत सकाळी एका शहराचा असलेला खेळाडू संध्याकाळी दुसऱ्या शहराचा होतो. त्याला बहुधा कुणी विचारत नाही. तो रस्ता ऑस्ट्रेलियाने धरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे या सगळ्या रीती एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर जडेजाकडे पाहावं. ड्राफ्टमधून आलेला हा मुलगा ज्या राजस्थान संघात होता, त्याने 1 जून 2008 रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिली आयपीएल जिंकली. मैदान तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. पुढे जडेजाने राजस्थानशी नवा करार न करता परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून 2010 च्या हंगामात त्याला खेळू दिलं नाही. वय 21. 2012 च्या लिलावात चेन्नई आणि हैदराबादचा डेक्कन चार्जर्स, दोघेही त्याच्यासाठी 20 लाख डॉलरपर्यंत पोहोचले आणि दोघांची थैली तिथेच संपली. मग बंद पाकिटात जास्तीचा आकडा लिहून द्यायचा नियम लागू झाला. चेन्नईचा आकडा मोठा निघाला. ती वरची रक्कम नियमाप्रमाणे क्रिकेट मंडळाकडे गेली, जडेजाकडे नव्हे. चेन्नई निलंबित झाल्यावर डिसेंबर 2015 मध्ये पुन्हा ड्राफ्ट झाला: पुण्याच्या नव्या संघाने पहिलं नाव धोनीचं घेतलं, राजकोटच्या संघाने सुरेश रैनाचं. पहिल्या नावाला 12.5 कोटी, दुसऱ्याला 9.5 कोटी, असे दर ठरलेले. पुण्याने दुसरं नाव आपल्या अजिंक्य रहाणेचं घेतलं, राजकोटने जडेजाचं.

अदलाबदलीची रीत आली 2009 मध्ये. बंगळूरूचा झहीर खान मुंबईकडे आला आणि मुंबईचा रॉबिन उथप्पा बंगळूरूला गेला. याच झहीरमुळे, श्रीरामपूरच्या या गोलंदाजामुळे, खेळाडूच्या स्वातंत्र्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याला मिळाला आहे. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीने करारात घातलं होतं की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाशी करार करण्याआधी त्याने तो देकार आपल्याला दाखवावा, आणि आपण तेवढेच पैसे दिले तर आपल्याकडेच राहावं. 2006 मध्ये न्यायालयाने 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 वर बोट ठेवलं: करार संपल्यानंतर माणसाला असं बांधून ठेवता येत नाही.

आयपीएलमध्ये 2014 मध्ये आलेलं राइट टू मॅच कार्ड याच घाटाचं आहे. लिलावात शेवटची बोली लागली की जुना संघ कार्ड दाखवतो, तेवढीच रक्कम देतो आणि खेळाडू परत घेतो. खेळाडू लिलावाच्या अटी मान्य करून उतरलेला असतो, त्यामुळे झहीरचा निकाल इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही जुन्या संघाकडे परत जायचं की नाही, हे खेळाडूला विचारण्याची सोय या नियमात ठेवायला हवी होती. 2024 मध्ये त्यात बदल झाला तो दरापुरता: कार्ड दाखवल्यावर सर्वाधिक बोली लावणाऱ्याला आणखी एकदा रक्कम वाढवता येते. अर्शदीप सिंगची बोली 15.75 कोटींवर थांबली होती. पंजाबने कार्ड दाखवलं, हैदराबादने आकडा 18 कोटींवर नेला, पंजाबने तोही मान्य केला.

भारतीय फुटबॉलने मात्र ड्राफ्टचा मार्ग सोडला. इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी 2014 साली नेरूळलाच खेळू लागली, तेव्हा भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट होत असे. 2015 मध्ये काही जणांचा लिलावही झाला. मुंबईने सुनील छेत्रीला 1.20 कोटींना घेतलं, आणि त्याने नेरूळच्या मैदानावर हॅटट्रिक करून दाखवली. 2017 नंतर ड्राफ्ट बंद झाला. आता फुटबॉलपटू जगभरच्या रीतीप्रमाणे क्लबशी स्वतः बोलून करार करतो, आणि त्यामुळे लीग बुडाली असं काही झालं नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. जडेजा आणि सॅम करन यांच्या बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला गेला. आयपीएलच्या अदलाबदलीत खेळाडूची संमती लागते. 18 कोटींचा जडेजा 14 कोटींवर राजस्थानला परतला तो स्वतः होकार देऊन, ज्या संघातून निघण्याच्या धडपडीपायी त्याने एकेकाळी वर्ष गमावलं होतं त्याच संघात.

दुसरी गोष्ट दीप्ती शर्माची. 2 नोव्हेंबरला नेरूळला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. दीप्तीने अंतिम सामन्यात 58 धावा केल्या, 39 धावांत 5 बळी घेतले आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. 27 तारखेला दिल्लीत महिला प्रीमियर लीगचा लिलाव झाला. तिच्यासाठी दिल्ली कॅपिटल्सने 50 लाखांची मूळ बोली लावली आणि पुढे कुणीच हात वर केला नाही. जुन्या यूपी वॉरियर्झने कार्ड दाखवलं. मग दिल्लीने एकदम 3.20 कोटींचा आकडा सांगितला आणि यूपीने तो दिला. दर सहापटीहून जास्त वाढला तो त्या एका नव्या कलमामुळे. दिल्लीला जायचं की यूपीकडेच राहायचं, हे दीप्तीला विचारायला त्या नियमात जागा नव्हती.